साठवलेला डेटा जोडणार कोण? जीवविज्ञान संशोधनाला सार्वजनिक निधी देणाऱ्या यंत्रणांना खुले पत्र

प्रति,
जीवविज्ञान संशोधनाला सार्वजनिक निधी देणाऱ्या यंत्रणांचे प्रमुख आणि प्रकल्प-प्रस्तावांची छाननी करणाऱ्या तज्ज्ञ समित्यांचे सदस्य यांस,

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

क्षयरोगाच्या जंतूंचा जनुकीय डेटा, प्रयोगशाळेतील औषध-संवेदनशीलता चाचण्यांचे निकाल आणि उपचारांचा रुग्णांवर झालेला परिणाम या तीन गोष्टी एकमेकींशी जोडण्याचे काम करणाऱ्या एका लहान गटाला यंदा मुदतवाढ नाकारण्यात आली. कारण एका वाक्यात दिले होते: या कामात नावीन्य नाही. गटातील कंत्राटी सहकाऱ्यांचे करार संपले, सर्व्हरच्या देखभालीची तरतूद थांबली आणि अनेक प्रयोगशाळांनी विश्वासाने सोपवलेल्या नोंदी आता कोणी अद्ययावत करत नाही. मी त्या गटात काम करत होते. संस्थेचे आणि समितीचे नाव मी घेत नाही, कारण हा प्रश्न एका निर्णयापुरता नाही. पीक-वनस्पती, कर्करोग, सूक्ष्मजीव अशा वेगवेगळ्या विषयांत काम करणारे माझे अनेक समव्यवसायी याच अनुभवातून गेले आहेत, आणि प्रत्येकाने तो आपापल्या संस्थेत निमूटपणे सोसला आहे. म्हणून हे पत्र आपल्याला उद्देशून असले तरी सर्वांसमोर ठेवत आहे.

माझा या विषयाशी संबंध केवळ नोकरीपुरता नाही. माझ्या आईने क्षयरोगाचा उपचार पूर्ण केला आहे. तिचा जंतू नेहमीच्या औषधांना दाद देणारा होता, त्यामुळे सहा महिन्यांत ती बरी झाली. तसा तो नसता, तर कोणते औषध चालेल हे डॉक्टरांनी कशाच्या आधारावर ठरवले असते, हा प्रश्न मला या क्षेत्रात रोज भेटतो. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि औषध-प्रतिकारक क्षयरोगाच्या संदर्भात मुंबईचे नाव वैद्यकीय नियतकालिकांत दशकभराहून अधिक काळ येत आहे.

आमच्या कामाचे स्वरूप थोडे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते, कारण ते नेमके काय आहे हे न पाहताच त्यावर निर्णय होतात.

क्षयजंतूच्या आरपीओबी या जनुकात बदल होऊन त्यातून बनणाऱ्या प्रथिनात एका ठराविक जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी ल्युसीन आले, की रिफाम्पिसिन हे प्रमुख औषध निकामी ठरते. हा या जंतूतील सर्वाधिक आढळणाऱ्या बदलांपैकी एक आहे. मात्र एका प्रयोगशाळेच्या अहवालात या जागेचा क्रमांक ५३१ असतो आणि दुसऱ्या प्रयोगशाळेच्या अहवालात ४५०. पहिला क्रमांक ई. कोलाय या जंतूच्या प्रथिनावरून मोजलेला आहे, कारण क्षयजंतूचा संपूर्ण जनुकसंच १९९८ मध्ये प्रसिद्ध होण्यापूर्वीच या बदलांचे वर्णन त्या पद्धतीने रूढ झाले होते. दुसरा क्रमांक क्षयजंतूच्या स्वतःच्या प्रथिनावरून आहे. जाणकार माणसाला ८१चा हा फरक माहीत असतो, संगणकाला नसतो. दोन्ही तक्ते तसेच एकत्र केले, तर एकच बदल दोन वेगळे बदल म्हणून मोजला जातो आणि त्यापुढची सगळी आकडेवारी चुकते.

संदर्भ म्हणून वापरल्या जाणाऱ्या एच३७आरव्ही या जंतूच्या जनुकसंचाचीही अशीच गोष्ट आहे. १९९८ मध्ये त्याची लांबी डीएनएची ४४,११,५२९ अक्षरे अशी नोंदवली गेली. सुधारित आवृत्तीत ती ४४,११,५३२ आहे. फरक अवघ्या तीन अक्षरांचा आहे, परंतु त्या दुरुस्त्यांच्या पुढे येणाऱ्या जागांचे क्रमांक सरकतात, आणि जुन्या आवृत्तीवर आधारलेली यादी नव्या आवृत्तीशी ताडून पाहिली तर भलतेच अक्षर हाती लागते. त्यात भर म्हणजे काही फाइल-प्रकारांत मोजणी शून्यापासून होते, काहींत एकपासून. बेडाक्विलिन या नव्या औषधाच्या प्रतिकाराशी निगडित जनुक एका तक्त्यात आरव्ही०६७८ म्हणून असते, तर दुसऱ्यात एमएमपीआर५ म्हणून. यातील प्रत्येक फरक ओळखणे, त्याचा नियम लिहिणे, नियम सर्व जुन्या नोंदींना लावणे, आणि संदर्भ-याद्या बदलल्या की तेच पुन्हा करणे हे आमचे काम होते.

चाचण्यांच्या निकालांबाबत अडचण आणखी खोल आहे. एखादा जंतू रिफाम्पिसिनला 'संवेदनशील' आहे, एवढीच नोंद पुरेशी नसते. द्रवमाध्यमातील चाचणीसाठी रिफाम्पिसिनची निर्णायक मात्रा, म्हणजे ज्या मात्रेतही जंतू वाढला तर तो प्रतिकारक मानला जातो ती मात्रा, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रतिलिटर १ मिलिग्रॅमवरून ०.५ मिलिग्रॅमवर आणली. त्यामुळे २०२१ पूर्वी संवेदनशील ठरलेला जंतू आजच्या निकषाने प्रतिकारक ठरू शकतो. चाचणी कोणत्या पद्धतीने, कोणत्या मात्रेवर आणि कोणत्या वर्षी झाली हे निकालाबरोबर नोंदलेले नसेल, तर तो निकाल कितीही कष्टाने मिळवलेला असला तरी इतर निकालांशेजारी ठेवता येत नाही. सार्वजनिक भांडारांत भारतीय नमुन्यांच्या जनुकीय वाचनांशेजारी या रकान्यांत 'माहिती उपलब्ध नाही' असे वाचण्याची वेळ आमच्यावर वारंवार आली.

हे सर्व जोडून काय मिळते, असा प्रश्न छाननी समितीने विचारायला हवा होता. उत्तर आमच्याकडे होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये क्षयजंतूतील औषध-प्रतिकाराशी निगडित बदलांची पहिली सूची प्रसिद्ध केली, ती ३८,०००हून अधिक जंतूंच्या नमुन्यांवर आधारलेली होती. २०२३ची दुसरी सूची ५२,०००हून अधिक नमुन्यांवर. या सूचीत प्रत्येक बदलाला पाचपैकी एका गटात टाकले जाते, आणि बेडाक्विलिनसारख्या नव्या औषधांच्या बाबतीत फार मोठी संख्या 'महत्त्व अनिश्चित' या गटात आहे. अनिश्चित म्हणजे अहवालात बदल दिसतो, पण डॉक्टरांना त्यावरून निर्णय घेता येत नाही. ही अनिश्चितता नुसते अधिक जनुकसंच वाचून दूर होत नाही. त्याच जंतूचा चाचणीचा निकाल आणि त्याच रुग्णाच्या उपचाराचा परिणाम शेजारी ठेवावा लागतो. भारतात जंतूच्या पहिल्या आणि तिसऱ्या वंशशाखा मोठ्या प्रमाणावर आढळतात. त्यांच्यातील बदलांचा अर्थ लावण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणा देशाची नाही. बेडाक्विलिनसारख्या याच नव्या औषधांवर आधारित अल्पमुदतीच्या उपचारपद्धतीला भारताने २०२४ मध्ये मान्यता दिली आहे. तेव्हा ही जोडणी आता पूर्वीपेक्षाही अधिक तातडीची आहे.

आता माझ्या तक्रारी मांडते.

पहिली तक्रार आपल्या निकषांबद्दल आहे. जोडणीचे काम नव्या शोधाच्या फूटपट्टीने मोजले जाते आणि त्या फूटपट्टीवर ते कायमच अपुरे पडते. एखादा नवा डेटाबेस सुरू करण्यासाठी निधी मिळतो, कारण 'नवा' हा शब्द त्यात असतो. तोच डेटाबेस पाचव्या वर्षी अचूक ठेवण्यासाठी मिळत नाही. परिणामी आपल्याकडे तीन वर्षांच्या आयुष्याचे डेटाबेस एकामागून एक निर्माण होतात. त्यांच्यावरचा शोधनिबंध छापून येतो आणि निबंधात दिलेला पत्ता काही काळाने उघडेनासा होतो. सार्वजनिक पैशाचा याहून वाईट वापर मला सुचत नाही, कारण त्यात पहिल्या तीन वर्षांचा खर्चही वाया जातो.

दुसरी तक्रार माणसांबद्दल आहे, आणि मला सर्वांत जास्त बोचणारी हीच आहे. आपल्या संस्थांत शास्त्रज्ञाचे पद आहे, तंत्रज्ञाचे आहे, लेखापालाचे आहे. पण जीवशास्त्र समजणाऱ्या सॉफ्टवेअर-अभियंत्याचे आणि नोंदी तपासून त्यांचा अर्थ निश्चित करणाऱ्या क्युरेटरचे नियमित पद बहुतेक ठिकाणी नाही. ही कामे प्रकल्प-सहायक करतात किंवा पीएचडीचे विद्यार्थी, आपल्या प्रबंधातून वेळ काढून. विद्यार्थी प्रबंध सादर करून निघून जातो आणि त्याने लिहिलेली पाइपलाइन, म्हणजे डेटावर क्रमाने प्रक्रिया करणाऱ्या प्रोग्रॅमची साखळी, त्याच्या लॅपटॉपवर राहते. कोणत्या टूलची कोणती आवृत्ती, कोणत्या मर्यादा ठरवून वापरली, हे कोणालाच ठाऊक नसते. क्षयजंतूच्या जनुकसंचातील सुमारे दहावा हिस्सा पीई-पीपीई या पुनरावृत्तीने भरलेल्या जनुक-कुटुंबांचा आहे. एक पाइपलाइन तो भाग वगळते, दुसरी वगळत नाही, आणि एकाच नमुन्याच्या बदलांच्या दोन याद्या जुळत नाहीत. असे निर्णय लिहून ठेवणारा, त्यांची जबाबदारी घेणारा आणि पुढच्या वर्षीही त्याच खुर्चीवर असणारा माणूस आम्हाला हवा आहे. माझ्या बरोबरीने काम केलेल्या दोन अत्यंत कुशल सहकाऱ्यांनी आता हे क्षेत्रच सोडले आहे. त्यांनी लिहिलेले नियम फाइलींत आहेत, पण ते नियम तसेच का लिहिले हे त्यांच्याबरोबर गेले.

तिसरी तक्रार थोडक्यात सांगता येते. प्रकल्पांच्या अंतिम अहवालांबरोबर डेटा सादर झाला की नाही हे तपासले जाते, तो वापरता येतो की नाही हे तपासले जात नाही. पीडीएफमध्ये चिकटवलेला तक्ता हा डेटा नव्हे. ज्या एक्सेल फाइलीत जनुकांची नावे आपोआप तारखा होऊन बसली आहेत तीही नव्हे. ही शेवटची गोष्ट इतकी सार्वत्रिक आहे, की २०२०च्या सुमारास आंतरराष्ट्रीय समितीला मानवी जनुकांची काही नावेच बदलावी लागली.

चौथी तक्रार: यंत्रांसाठी निधी आहे, यंत्रांवर चालणाऱ्या कामासाठी नाही. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग अभियानाला २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांची मान्यता मिळाली, आणि त्यातून पुण्यासह अनेक ठिकाणी उभ्या राहिलेल्या परम संगणकांचा आम्हाला खरोखर उपयोग होतो. फरिदाबादला २०२२ मध्ये भारतीय जैविक डेटा केंद्र सुरू झाले, त्याआधी २०२१ मध्ये डेटाच्या देवाणघेवाणीची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. ही पावले योग्य आहेत आणि त्यांचे मी मनापासून स्वागत करते. परंतु भांडार उभारणे ही सुरुवात आहे. भांडारात आलेल्या पोत्यांवर धान्याचे नाव, शेताचे नाव आणि साल लिहिलेले नसेल, तर कोठार कितीही मोठे असले तरी त्यातून बियाणे निवडता येत नाही.

आपल्याकडे हे जमू शकते याचा दाखला आहे. सीएसआयआरने २००८ मध्ये ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी हा उपक्रम क्षयरोगासाठीच सुरू केला, आणि २०१०च्या 'कनेक्ट टू डिकोड' या प्रयत्नात देशभरातील शेकडो स्वयंसेवकांनी, ज्यांत विद्यार्थी मोठ्या संख्येने होते, क्षयजंतूच्या जनुकांबद्दल विखुरलेली माहिती गोळा करून तिची नव्याने मांडणी केली. त्या पिढीतील अनेकांनी जैवमाहितीशास्त्राची गोडी तेथेच लागल्याचे मला सांगितले आहे. मात्र आज क्षयरोगावर काम सुरू करणारा विद्यार्थी जनुकाची माहिती पाहण्यासाठी स्वित्झर्लंडमधील लोझान येथून चालवला जाणारा मायकोब्राउझर उघडतो. उत्साहाने केलेल्या कामाला रोजच्या देखभालीची जोड मिळाली असती, तर ही वेळ आली नसती.

स्वित्झर्लंडचा उल्लेख आलाच आहे, तर तेथील एक घटना आपल्या विचारार्थ मांडते. १९८६ मध्ये जिनिव्हात सुरू झालेला स्विस-प्रॉट हा प्रथिनांचा काळजीपूर्वक तपासलेला डेटाबेस १९९६ मध्ये निधीअभावी बंद पडण्याच्या बेतात होता. जगभरातील वापरकर्त्यांनी आवाज उठवला, आणि १९९८ मध्ये स्विस इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्स ही कायमस्वरूपी संस्था स्थापन झाली. तो डेटाबेस आज युनिप्रॉट या प्रथिनांच्या जागतिक डेटाबेसचा गाभा आहे आणि माझ्या माहितीत असा एकही जीवशास्त्रज्ञ नाही ज्याने त्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष उपयोग केलेला नाही. युरोपातील देशांनी पुढे एलिक्सिर या आंतरशासकीय व्यवस्थेतून हेच तत्त्व स्वीकारले: डेटाबेस आणि टूल्स या पायाभूत सुविधा आहेत. उलट उदाहरणही आहे. अॅराबिडॉप्सिस या वनस्पतीचा टेअर हा डेटाबेस अमेरिकेतील सरकारी निधी संपल्यावर २०१३ मध्ये वर्गणीवर गेला, आणि त्याचा भार जगभरातील विद्यापीठांवर पडला.

माझ्या या म्हणण्यावर आपल्याकडून दोन आक्षेप येतील याची मला कल्पना आहे.

पहिला रुग्णांच्या गोपनीयतेचा. तो खरा आक्षेप आहे. क्षयरोगाचा कलंक आजही माणसांची लग्ने आणि नोकऱ्या मोडतो, आणि २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने रुग्णाचा हक्क स्पष्ट केला आहे. संशोधकाला रुग्णाचे नाव, पत्ता, फोन यांपैकी काहीही नको आहे. या नमुन्यातला जंतू आणि हा उपचाराचा परिणाम एकाच अनामिक व्यक्तीचा आहे, एवढे विश्वासार्ह यंत्रणेने सांगणे पुरेसे आहे. सांकेतिक क्रमांकांनी अशी जोडणी करण्याच्या पद्धती उपलब्ध आहेत. त्या राबवण्यासाठी प्रशिक्षित माणसे आणि ठाम नियम लागतात. दोन्ही नसल्यामुळे आज गोपनीयतेच्या कारणाने सर्वच दारे बंद ठेवली जातात, आणि त्याचा लाभ रुग्णाला होत नाही.

दुसरा आक्षेप असा, की आता कृत्रिम बुद्धिमत्ता हे सर्व आपोआप करेल. आल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने प्रथिनांच्या रचनांचे अंदाज वर्तवून जे साध्य केले त्याबद्दल मला अपार आदर आहे. पण ते साध्य झाले प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या रचनांच्या सार्वजनिक भांडारामुळे. ही बँक अशी, जी १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांनिशी सुरू झाली आणि जिच्यातील प्रत्येक नोंद पन्नास वर्षे ठराविक नमुन्यात घेतली गेली, तपासली गेली, दुरुस्त केली गेली. त्या पन्नास वर्षांच्या निगराणीला कोणतेही पर्यायी यंत्र मला माहीत नाही. ५३१ आणि ४५०च्या नोंदी मिसळलेल्या तक्त्यावर शिकवलेले मॉडेल चुकीचे उत्तर पूर्ण आत्मविश्वासाने देईल.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

जीवविज्ञानातील प्रत्येक मोठ्या सार्वजनिक संशोधन संस्थेत डेटा-क्युरेटर आणि संशोधन-सॉफ्टवेअर अभियंता ही नियमित वेतनश्रेणीची पदे निर्माण करावीत, आणि त्यांच्या पदोन्नतीसाठी शोधनिबंधांच्या संख्येऐवजी त्यांनी सांभाळलेल्या डेटाचा आणि टूल्सचा प्रत्यक्ष वापर विचारात घ्यावा. इतर कोणतीही मागणी मान्य झाली नाही तरी ही मान्य व्हावी, असा माझा आग्रह आहे.

देखभालीसाठी स्वतंत्र निधी-योजना असावी. तिची मुदत किमान पाच वर्षांची असावी, आणि तिच्या छाननीत नावीन्य हा निकष नसावा. किती प्रयोगशाळा हा डेटाबेस वापरतात, नोंदींतील चुका किती काळात दुरुस्त होतात, संदर्भ-आवृत्ती बदलल्यावर नोंदी बदलल्या का, हे प्रश्न विचारले जावेत. छाननी समितीत असे काम स्वतः केलेली किमान एक व्यक्ती असावी.

प्रत्येक प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात डेटा आणि सॉफ्टवेअरसाठी वेगळे शीर्ष असावे आणि शेवटचा हप्ता देण्यापूर्वी प्रकल्पाबाहेरच्या व्यक्तीने तो डेटा उतरवून, दिलेल्या पाइपलाइनने तो पुन्हा तपासून पाहावा. पाइपलाइन खुल्या परवान्यासह, टूल्सच्या आवृत्त्यांसह आणि शक्यतो कंटेनरच्या (लागणारे सर्व सॉफ्टवेअर एकत्र बांधलेल्या पॅकेजच्या) रूपात जमा व्हावी. गॅलॅक्सी, स्नेकमेक, नेक्स्टफ्लो, बायोकोंडा अशी साधने त्यासाठी विनामूल्य उपलब्ध आहेत. प्रत्येक प्रयोगशाळेने स्वतःची वेगळी व्यवस्था रचण्याची गरज नाही.

क्षयरोगासाठी किमान आवश्यक रकान्यांचा एक राष्ट्रीय नमुना ठरवावा: नमुना घेतल्याची तारीख निश्चित क्रमाने, चाचणीची पद्धत, औषधाची मात्रा, संदर्भ जनुकसंचाची आवृत्ती, बदलाच्या क्रमांकाची पद्धत, उपचाराचा परिणाम. हा नमुना प्रयोगशाळांतील तंत्रज्ञांना बरोबर घेऊन तयार करावा, कारण तो रोज भरणारे तेच आहेत, आणि त्यांचा वेळ मोजूनच त्यातील रकाने ठरावेत.

सार्वजनिक निधीतून उभा राहिलेला कोणताही डेटाबेस किमान एक वर्षाची जाहीर सूचना दिल्याशिवाय आणि त्याची पूर्ण, वापरण्याजोगी प्रत दुसऱ्या सार्वजनिक भांडारात ठेवल्याशिवाय बंद केला जाऊ नये.

आमच्या गटाला नाकारलेल्या मुदतवाढीचा फेरविचार व्हावा असे मला अर्थातच वाटते आणि त्यासाठीचा रीतसर अर्ज मी संबंधितांकडे स्वतंत्रपणे पाठवला आहे. या पत्रात मात्र मी आपल्याकडे धोरणाबद्दल उत्तर मागत आहे. वरीलपैकी कोणत्या मागण्या आपल्याला मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का, हे आपण जाहीरपणे सांगावे. पुढील आर्थिक वर्षाच्या प्रस्तावांसाठी आवाहन निघण्यापूर्वी हे उत्तर मिळाले, तर ज्या प्रयोगशाळांनी आपले नमुने आणि निकाल आमच्याकडे सोपवले होते, त्यांना ते कोठे आणि कोणाच्या हाती राहणार हे मला सांगता येईल.

आपली विश्वासू,
जैवमाहितीशास्त्रात काम करणारी एक संशोधिका,
पुणे